ज्यांच्याविषयी लिहायचं, तेच वाचणार आहेत

प्रश्न असा आहे: "इतिहासात पीएच.डी. झाले, विषय रत्नागिरी जिल्ह्यातली खोती, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, आणि त्यांची जमीन कसणारी कुळं. किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात शिकवते. सामाजिक प्रश्नांवर वर्तमानपत्रांत लिहावंसं वाटतं. सहकारी म्हणतात, त्याचे बढतीसाठीचे गुण मिळत नाहीत. मार्गदर्शक म्हणतात, सोपं करायला गेलीस की पातळ होतं. घरचे म्हणतात, आपल्याला याच गावात राहायचंय. काय करू?"

घरच्यांचा आक्षेप तिघांत शहाणा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पुण्या-मुंबईत बसून कोकणावर लिहिणाऱ्याची एक सोय असते. ज्यांच्याविषयी लिहिलं ती माणसं दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर भेटत नाहीत. तुम्हाला भेटणार. रविवारच्या पुरवणीत लेख आला की चहा व्हायच्या आत त्याचा फोटो गावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. त्या ग्रुपमधली निम्मी माणसं नालासोपारा, दिवा नाहीतर भांडुपला असतात. संध्याकाळपर्यंत फोन येतो, "मॅडम, तुम्ही लिवलंत तो खोत आमचा पणजोबा." मी समाजशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि नोकरीच्या जवळजवळ सगळ्या काळात इथल्या दैनिकांत लिहीत आले. असे फोन मला येत राहिले आणि त्यांतल्या बऱ्याच फोनांनी मला माझ्या ग्रंथालयापेक्षा जास्त शिकवलं.

तुमचा शोधनिबंध तपासणाऱ्या दोघांना सिद्धांत माहीत असतो, गाव माहीत नसतं. वर्तमानपत्राच्या वाचकाचं उलट. त्याला सिद्धांताशी देणंघेणं नाही, पण पालखीला पहिला खांदा कुणाचा, होळीचा माड कुणाच्या आगरातून येतो, कोणत्या वाडीला विहीर उशिरा मिळाली, हे तो झोपेतही सांगेल. त्यामुळे माझा सल्ला एवढाच: लेखातल्या माणसाला "हे बरोबर" किंवा "हे चूक" असं म्हणता येईल इतकं नेमकं लिहा. "ग्रामीण समाजात विषमता आढळते" या वाक्याशी कुणाचंच भांडण होणार नाही, कारण त्यात भांडण्यासारखं काही नाही. "या गावात १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा झाल्यानंतरही देवळातले मान तसेच चालू राहिले" असं लिहिलंत की दहा माणसं बोलतील आणि त्यांतली दोन कागद घेऊन येतील. त्या दोघांसाठी लिहायचं.

आता वाचकाला गाव माहीतच आहे, तर आपण त्याला काय द्यायचं? मत तर नक्कीच नको. मतं चहाच्या टपरीवर आपल्यापेक्षा चांगली मिळतात. वाचकाला आपल्या वाडीचं माहीत असतं, पण शेजारच्या तालुक्यात तेच घडलं होतं हे माहीत नसतं. आजीने सांगितलेलं आठवतं, पण त्याचा कागद कुठल्या दप्तरात आहे हे ठाऊक नसतं. घरातली गोष्ट आणि कायद्याचं कलम यांची गाठ कुठे पडते हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. ते जोडून दाखवणं हे आपलं काम. एक उदाहरण सविस्तरच घेते.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्यात सर्वांत जास्त. सिंधुदुर्गात १०३६. आठ मार्चच्या आसपास कुणी ना कुणी पुढारी हा आकडा व्यासपीठावरून वाचतो आणि कोकणात मुलीचं स्वागत होतं म्हणून टाळ्या घेतो. त्याच जनगणनेत शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा तक्ता उघडला की तिथे मुली हजाराच्या खाली आहेत. म्हणजे मुली जास्त जन्माला येत नाहीत, पुरुष गावात नसतात. गेल्या शतकाच्या जनगणनांतही रत्नागिरीत हे प्रमाण हजाराच्या वरच राहिलं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तर जिल्ह्याची लोकसंख्याच १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. माणसं बाहेर पडण्याचं थांबलेलं नाही. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, त्याने जाणं-येणं सोपं झालं, एवढंच.

इथपर्यंत कुणीही शहाणा पत्रकार पोचेल. पुढचा प्रश्न आपला आहे. पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत, गोदीत, हॉटेलात, तर इकडे भाजावळ कुणी केली, लावणी कुणी लावली, गुरं कुणी सांभाळली, कोर्टाच्या तारखेला डोक्यावर इरलं घेऊन कोण चालत गेलं? आणि १ एप्रिल १९५७ ला, कुळकायद्याच्या कृषक दिनी, कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तेव्हा कागदावर नाव कुणाचं चढलं? तुम्ही प्रबंधासाठी त्या कायद्याच्या कलम ३२ ग ची, म्हणजे कुळाने घ्यायच्या जमिनीची किंमत ठरवण्याची, प्रकरणं पाहिली असतील. विधवा सोडल्या तर बाईचं नाव कूळ म्हणून किती वेळा येतं ते मोजा. आकडा लहान असो वा मोठा, तो तुमचा स्वतःचा असेल आणि तो कुणाच्याही भाषणात नसेल.

तिथून आजवर या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मालमत्तेत हक्क दिला, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाच्या बरोबरीने आणलं. कायदा असा. आणि व्यवहार? महामार्ग रुंद होणार किंवा एखादा प्रकल्प येणार अशी कुणकुण लागली की भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या सासरी येतो. साडीचोळी होते, कोंबडी-वडे होतात, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सह्या. बहुतेक जणी रडत-ओरडत सही करत नाहीत, हसत करतात. कारण सही नाही केली तर गणपतीला माहेरचं दार बंद होईल हे त्यांना माहीत असतं, आणि त्या हिशेबात त्या चुकत नाहीत. त्या अडाणी आहेत असं लिहिलंत तर तुमचा लेख तिथेच संपला. माहेर हीसुद्धा मालमत्ता आहे आणि ती सातबाऱ्यावर येत नाही, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं आहे.

एक जनगणनेचा तक्ता, एक कलम, एक फेरफार नोंदवही (जमिनीच्या हक्कांतले बदल जिच्यात नोंदवतात ती), आणि प्रत्येक घराने पाहिलेला एक प्रसंग. यांतलं काहीच गुपित नाही. पण चारही एका लेखात शेजारी आले की वाचणारी बाई म्हणते, अगोबाई, हे असं आहे होय. फेरफार वाचायला मात्र शिका. बहीण सातबाऱ्याच्या "इतर हक्कां"त कधी गेली आणि तिथूनही कधी निघाली, हे तारखेसकट त्यातच असतं. जुन्या नोंदी मोडीत आहेत. तुम्ही इतिहासाच्या असल्यामुळे मोडी येत असेलच. ती येणारी माणसं जिल्ह्यात आता फार नाहीत, आणि मोडी वाचता येणं हे वर्तमानपत्रात लिहायला केवढं मोठं भांडवल आहे हे विद्यापीठात कुणी सांगत नाही.

मार्गदर्शकांचं म्हणणं, की सोपं केलं की पातळ होतं. हे खोटं नाही. पण पातळ होतं ते सोपं केल्याने नव्हे, पुरावा गाळल्याने. संकल्पना गाळा, पुरावा ठेवा. आपल्याकडचे लोक नेमकं उलट करतात. "सत्तासंबंधांची पुनर्रचना", "परिघावरील अवकाश" हे तसंच ठेवतात आणि कोणत्या वर्षी, कोणत्या गावात, कोणत्या कागदात, हे "वाचकाला कंटाळा येईल" म्हणून काढून टाकतात. वाचकाला कंटाळा येतो तो पहिल्याचा. चरीच्या संपावर लिहायचं तर १९३३ ते १९३९ अशी सहा-सात वर्षं अलिबागच्या खारपट्ट्यातल्या कुळांनी भातशेती पडीक ठेवली, हे ठणकावून सांगा. नारायण नागू पाटलांचं नाव सांगा. त्या काळात चुली कशा चालल्या ते सांगा. १९३७ मध्ये आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा तिथे धडकला, हा दुवा जोडा. शेतकरी वर्गाच्या जाणिवेचा विकास वगैरे वाचकाच्या मनात आपोआप होतो.

तसंही हे काम आपल्या मातीला नवीन नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला "दर्पण" सुरू केलं, त्यात एक स्तंभ मराठी आणि एक इंग्रजी. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते तेव्हाही पत्र चालूच होतं. मुरुडच्या कर्व्यांच्या घरात तर ही परंपराच. धोंडो केशव गणित शिकवत विधवांसाठी उभे राहिले. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव हेही गणिताचेच प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून प्राध्यापकी गेली, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी "समाजस्वास्थ्य" चालवलं. खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब उभे होते, तरी दंड व्हायचा तो झालाच. धोंडो केशवांच्या सून इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या, आणि त्यांचं ललित लेखन ज्यांनी कुठलाही शास्त्रीय ग्रंथ उघडला नाही त्यांच्याही घरात वाचलं गेलं. (या घराण्याला दापोली तालुक्याने दिलेला मान आणि दिलेला त्रास, दोन्हीवर कुणीतरी नीट लिहायला हवं. तुम्हीच का नाही?)

कोकणावरच्या लेखनाची एक खोड सांगून ठेवते, कारण संपादक तुमच्याकडून तीच मागतील. पाऊस, फणस, कौलारू घर, आजोळ, आणि मालवणी बोलणारा एखादा विनोदी म्हातारा. त्या कोकणात कुणबी नसतो, गाबीत नसतो, महारवाडा नसतो, खाडीकाठचे मुसलमान मच्छीमार नसतात, आणि वीटभट्टीवर गेलेला कातकरी तर नसतोच. तुम्ही कुळांवर काम केलंय, तुम्हाला हा मोह कमी असेल. तरी मालवणी किंवा संगमेश्वरी वाक्य केवळ हशा पिकवायला टाकू नका. बाई कोर्टात जे बोलली ते तिच्या बोलीत द्या, आणि ते तुमच्या लेखातलं सगळ्यात गंभीर वाक्य असू द्या.

पेटलेल्या विषयावर लिहिण्याबद्दल वेगळं बोलायला हवं. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, तेव्हा प्राध्यापक मंडळींचे भराभर लेख आले. बहुतेकांत एकच होतं, विकास हवा पण पर्यावरण राखून. असल्या लेखाने कुणाचं काय बिघडतं किंवा घडतं? त्याच बारसूची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली होती, कशेळी, देवीहसोळ, उक्षी, कुडोपी यांच्यासोबत. इतिहासाच्या माणसाला तिथे सांगण्यासारखं बरंच होतं. सडा सरकारी कागदात पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून पडलेला असतो, पण पावसाळ्यानंतर त्याच्यावरचं गवत, गुरांची चराई, सड्यात मुरून खालच्या वाडीच्या विहिरीत उतरणारं पाणी, कातळ फोडून लावलेली कलमं, हे सगळं चालू असतं. आणि एकेका सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावं, त्यांतली निम्मी मुंबईला, काही वारलेली, तर संमती कुणाची धरायची? एवढं जरी कुणी शांतपणे मांडलं असतं तरी दोन्ही बाजूंच्या लोकांना उपयोग झाला असता. तुमचं स्वतःचं मत असेल ते शेवटी एका वाक्यात सांगा. लपवू मात्र नका. इथे तुम्ही कुणाच्या नातेवाईक आहात, तुमची जमीन कुठे आहे, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तुमचंच आगर त्या पट्ट्यात असेल तर ते लेखातच लिहून टाका.

वाळीत टाकण्याच्या प्रकरणांना हात घालाल तेव्हा जास्त सांभाळा. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, अमलात आला जुलै २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा झाला तेव्हा चर्चेत रायगड-रत्नागिरीतली गावकीची प्रकरणंच पुढे होती. गावकी ही काही नुसती दुष्ट पंचांची टोळी नव्हे. देऊळ तीच सांभाळते, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) तीच बांधते, मयताला लाकडं तीच आणते, आणि म्हणूनच तिने वाळीत टाकलं की माणूस उघडा पडतो. दोन्ही गोष्टी एका लेखात बसल्या पाहिजेत. वाळीत पडलेल्या घराचं नाव त्यांनी स्वतः "घाला" म्हटलं तरी पहिल्या लेखात मी घालणार नाही. त्या दिवशी ते चिडलेले असतात, आणि लेख छापून आल्यावर पिठाची गिरण, रिक्षा, शेजारचं पाणी यांच्याशी गाठ त्यांची असते, आपली नसते. गुन्हा नोंदला गेला असेल तर जे फिर्यादीत आहे तेवढंच, "फिर्यादीनुसार" म्हणून. फौजदारी बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. तिथे नुसतं "खरं होतं" म्हणून सुटका होत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. प्रत्येक विधानामागचा कागद एका फायलीत घालून ठेवा. ज्याच्यावर टीका करताय त्याला छापण्याआधी विचारा आणि त्याचं उत्तर, अगदी "मला काही बोलायचं नाही" हेसुद्धा, लेखात द्या.

छापण्याआधीची एक सवय मला सर्वांत उपयोगी पडली. ज्या घरातून माहिती घेतली तिथे जाऊन त्यांच्याविषयीचा परिच्छेद वाचून दाखवायचा. परवानगीसाठी नव्हे, ते आधीच स्पष्ट सांगायचं. पण मोठ्याने वाचताना कुठल्या शब्दाला आजोबा मान खाली घालतात आणि कुठे "तसा नाय" म्हणून हात वर करतात, ते लक्षात येतं. खोतांच्या वंशजांनाही वाचून दाखवा. आज त्यांच्यातले कित्येक जण तीन हापूसच्या झाडांवर आणि पेन्शनीवर जगताहेत. त्यांच्या पणजोबाने वेठ घेतली हे त्यांना मान्य असतं, फक्त त्यांच्या नातवाला शाळेत कुणी त्यावरून बोलू नये एवढंच त्यांचं म्हणणं असतं. ते रास्त आहे. घराण्याचं आडनाव न घालता व्यवस्था दाखवता येते. आडनावाशिवाय अडत असेल तर सार्वजनिक दप्तरात जे आहे तेवढंच घाला.

गुणांचं काय? मिळत नाहीत, मिळणार नाहीत. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन नियतकालिकांची यादी, आली आणि २०२५ मध्ये बंदही झाली, आणि या सगळ्यात रविवारच्या लेखाची किंमत होती तिथेच राहिली. शोधनिबंध वेगळा लिहा, तो बढतीसाठी लागतोच. महाविद्यालयाचे सेवानियम एकदा वाचून घ्या, आणि लेखाखाली पदनाम टाकायचं की नाही ते प्राचार्यांना आधी सांगून ठरवा. एवढ्यावर हा विषय मी संपवते.

वर्तमानपत्राचं तंत्र मात्र शिकून घ्यायला हवं. आठशे ते हजार शब्द, त्याहून एक ओळ जास्त नको. संपादकाला पाठवायच्या ईमेलमध्ये तीन ओळी: विषय काय, आत्ताच का, आणि तुमच्याकडे असं काय आहे जे दुसऱ्याकडे नाही. शीर्षक तेच देणार आणि ते भडक असणार. दोन पर्याय तुम्हीच पाठवलेत तर अनेकदा त्यांतला एक उचलला जातो. मानधन जिल्हा आवृत्तीत जवळपास नसतंच. गणपती आणि शिमग्याच्या आधीचा आठवडा उत्तम, चाकरमानी घरी असतात आणि लेखावर ओट्यावर बसून भांडण होतं. मे महिन्यात लग्नं, आंबे आणि पाहुणे, तेव्हा कुणी काही वाचत नाही. लेख आल्यानंतर येणाऱ्या मेसेजांना रात्री उत्तरं देऊ नका. कागद घेऊन आलेल्या माणसाला मात्र घरी बोलवा, आणि त्याचं म्हणणं बरोबर निघालं तर पुढच्या आठवड्यात त्याच पानावर तसं छापून आणा. लेखाचं वाचन वाचनालयात ठेवता आलं तर आणखी चांगलं. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं १८६४ चं. २०२१ च्या जुलैच्या पुरात चिपळूणच्या वाचनालयाचं अतोनात नुकसान झालं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. अशा ठिकाणी वीस माणसं आली तरी ती वीस माणसं वाद घालायला आलेली असतात.

पहिला लेख खोतीवर नको. तो तुमचा बालेकिल्ला आहे, त्यात तुम्ही सगळंच सांगायला जाल. हक्कसोडीवर लिहा. एका तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर आठवडाभर बसा, सही करून बाहेर पडणाऱ्या बायकांशी बोला, त्यांचे फेरफार पाहा. छापून आला की त्याची एकेक प्रत त्या बायकांच्या सासरी पोचवा, आणि कागदच द्या, फोटो पाठवू नका. बऱ्याच घरांत फोन एकच असतो आणि तो तिच्या हातात नसतो. मसुदा मला पाठवायचा असेल तर शिमगा झाल्यावर पाठवा, त्याआधी आमचं घर माणसांनी भरलेलं असतं.